ऑनलाइन पाहिलेल्या चित्रांतून, छायाचित्रांतून स्वतःचे काम कसे सुचावे?

वेलांटी_सांगली

नमस्कार.

मी सांगलीत एक छोटा डिझाइन स्टुडिओ चालवते. पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची सजावट आणि आसपासच्या उद्योजकांच्या मालाची वेष्टने असे कामाचे स्वरूप आहे. कलाशिक्षण घेताना आमच्या ग्रंथालयात मोजकीच चित्रपुस्तके होती आणि त्यांतील पाने आम्ही आलटून पालटून पाहत असू. आता परिस्थिती अगदी उलट आहे. पिंटरेस्ट, बिहान्स आणि इन्स्टाग्राम यांवर जगभरातील उत्तम चित्रकार, छायाचित्रकार आणि डिझायनर आपले काम रोज मांडतात, आणि मीही त्यातील आवडलेले काम नियमितपणे साठवून ठेवते.

अडचण अशी की, साठवलेले हे काम प्रत्यक्ष कामाच्या वेळी उपयोगी पडत नाही. सध्या माझ्याकडे हळदीच्या पाकिटाचे काम आले आहे. 'हळदीचे वेष्टन' असा शोध घेतला की तपकिरी कागद, मधोमध एक गोल चिन्ह, खाली बारीक रेषांत काढलेला कंद, अशा एकाच साच्यातील अनेक प्रतिमा समोर येतात. त्या सुंदर असतात, परंतु त्या पाहून झाल्यावर माझ्या हातून जे उमटते तेही त्याच साच्यातले असते. आमच्या ग्राहकाला मात्र आपली हळद सांगलीची आहे हे पाकिटावरून कळावे असे वाटते, आणि ते त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

पाहणे थांबवावे असे मला वाटत नाही, कारण माझ्यासारख्या मोठ्या शहरापासून दूर काम करणाऱ्या व्यक्तीला जगातील कला पाहण्याचा हाच मार्ग खुला आहे. म्हणून विचारते की, आपण कोठे पाहता, आणि पाहिलेले हातात उतरावे यासाठी नेमके काय करता? दुसऱ्याच्या कामातून किती घ्यावे याविषयीही अनुभवी मंडळींनी लिहिले तर मी आभारी राहीन.

कुंचला

वेलांटीताई, प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो आणि काही वर्षे विद्यार्थ्यांना रेखाटन शिकवत आलो आहे.

आपण 'हळदीचे वेष्टन' असा शोध घेता, तेव्हा आपल्यापुढच्या प्रश्नाची इतरांनी काढलेली तयार उत्तरे आपल्याला दिसतात. त्यातील एखादे आपण साठवले की ते संकेतस्थळ त्याच्यासारखीच दिसणारी आणखी उत्तरे आणून देते, आणि पाहण्याचा परीघ दिवसेंदिवस आवळत जातो. माझी पहिली सूचना अशी की, वेष्टनाचा शोध काही काळ बाजूला ठेवावा आणि हळदीचा शोध घ्यावा. हळद ही वनस्पती आहे, रंगद्रव्य आहे, व्यापाराची वस्तू आहे आणि लग्नघरातील विधीही आहे. या प्रत्येक अंगाने चित्रांचा वेगळा साठा उघडतो.

एकच उदाहरण देतो. 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर वनस्पती आणि प्राणी यांविषयीचे जुने सचित्र ग्रंथ पानन् पान पाहता येतात. तेथे 'होर्टुस मलाबारिकुस' हा ग्रंथ शोधावा. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याच्या पुढाकाराने तयार झालेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने असून चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती पुरवली, आणि त्या तिघांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. बऱ्याच चित्रपानांवर वनस्पतीचे नाव लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेले आढळते. हळद अकराव्या खंडात 'मंजेल्ला कुआ' या नावाने आहे. नागरी अक्षरे ज्याने कधी लिहिलीही नसतील अशा डच कोरक्याच्या हातून ती कशी उतरली आहेत, हे एखाद्या अक्षरकाराने मुद्दाम पाहावे असे आहे.

आता पाहण्याच्या रीतीविषयी. साठवणे आणि पाहणे या दोन क्रिया आपण एकच समजू लागलो आहोत, आणि माझ्या मते खरे नुकसान येथेच होते. बोटाने पुढे सरकवलेली प्रतिमा डोळ्यांना ओळखीची होते, पण ती रेषा कोठे जाड झाली, सावली कोणत्या दिशेच्या रेघांनी भरली, हे मनात उतरत नाही. ते उतरण्यासाठी हातात पेन्सिल हवी. मी विद्यार्थ्यांना एक चित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून, त्यातील एखादाच भाग, समजा पानाची एक कड, कागदावर काढायला सांगतो. त्यानंतर पडदा बंद करून तोच भाग आठवणीने काढायचा. दोन रेखाटनांत जो फरक पडतो त्यातून विद्यार्थ्याने काय पाहिले आणि काय गृहीत धरले हे स्पष्ट होते, आणि आठवणीतून आलेल्या रेखाटनात त्याचा स्वतःचा हात दिसू लागतो.

हे मोठ्या चित्रकारांनीही केले आहे. रेम्ब्रांटने साधारण १६५६ ते १६६१ या काळात मुघल लघुचित्रांवरून रेखाटने केली आणि त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये बहुतेक आयुष्य घालवलेला आणि देशाबाहेर न गेलेला हा चित्रकार शाहजहान, त्याचे दरबारी, त्यांचे जामे, पगड्या, जोडे आणि तलवारीच्या मुठी एरवीपेक्षा फार बारीक आणि संयत रेषेत टिपतो. बरीचशी रेखाटने पूर्वेकडून आलेल्या कागदावर आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये यातील एक रेखाटन आहे, ज्यात चार मौलवी झाडाखाली बसलेले दाखवले आहेत. ते पाहून झाले की त्याचेच १६५६ मधील 'अब्राहम आणि देवदूत' या विषयावरील कोरीव मुद्राचित्र शेजारी ठेवून पाहावे. बायबलमधील प्रसंग आहे, चेहरे रेम्ब्रांटचे आहेत, पण पाहुणे जमिनीवर ज्या तऱ्हेने गोलाकार बसले आहेत ती बैठक त्या लघुचित्रातून आलेली आहे. त्याने दरबाराचा थाट उचलला नाही. माणसे जमिनीवर एकत्र बसली की त्यांच्यात निर्माण होणारे नाते त्याने उचलले, आणि ते आपल्या विषयात नेऊन ठेवले. कोणाच्या कामातून काय घ्यावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

ही सर्व चित्रे घरबसल्या पाहता येतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियमने २०१२ मध्ये 'रायक्सस्टुडिओ' सुरू केला, तेव्हा सुमारे १,२५,००० कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा खुल्या केल्या होत्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने (मेट) फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा कोणत्याही वापरासाठी मोकळ्या केल्या. क्लीव्हलंडच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने २०२० मध्ये तेच केले. मेटच्या संग्रहात आपल्या शेजारच्या विजापूरचे, साधारण १६२५ मधील, हाडांचा सापळा झालेल्या घोड्याचे आणि त्याच्या स्वाराचे एक चित्र आहे. त्यात अबरीचा वापर केलेला आहे. डिंकासारख्या पदार्थाने दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून, त्यावर कागद टेकवून तो पोत उचलला जातो. एखाद्या पाकिटाच्या पार्श्वभूमीसाठी असा पोत स्वतः हाताने करून पाहण्यात जो आनंद आहे, तो तयार पोत डाउनलोड करण्यात मिळणार नाही.

तिसरा_प्रहर

कुंचला यांच्या प्रतिसादाला छायाचित्रकाराच्या बाजूने थोडी भर घालतो.

छायाचित्रांच्या बाबतीत ऑनलाइन पाहण्याचा मोठा दोष असा की, आपल्यासमोर नेहमी निवडलेली एकच चौकट येते. छायाचित्रकार तिथपर्यंत कसा पोहोचला, त्याने काय घेतले आणि काय टाकून दिले, हे दिसत नाही. त्यामुळे नवोदितांना वाटते की चांगल्या छायाचित्रकाराला चौकट एकदम दिसते. ज्या मोजक्या ठिकाणी हा प्रवास पाहता येतो, त्यांपैकी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा एक संग्रह मी आवर्जून सुचवतो. महामंदीच्या काळात, १९३५ पासून १९४४ पर्यंत, तेथील सरकारने ग्रामीण भागाची छायाचित्रे काढवून घेतली. त्यातील सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह ग्रंथालयाने जतन केल्या असून त्यांच्या प्रतिमा मोठ्या आकारात उतरवून घेता येतात.

डोरोथिया लँग यांचे स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर घेतलेले आहे. त्याच भेटीतील इतर चौकटीही या संग्रहात आहेत आणि त्या एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. लांबून घेतलेल्या चौकटीत अख्खा फाटका तंबू दिसतो, पेटी दिसते, खुर्चीवर बसलेली मोठी मुलगी दिसते. ही चौकट परिस्थितीची माहिती देते आणि तिथेच थांबते. पुढच्या चौकटींत लँग जवळ जातात, मुलांची संख्या कमी होते, तंबू नुसते कापड होऊन मागे उरतो. शेवटच्या चौकटीत दोन्ही मुलांनी तोंडे फिरवलेली आहेत, मांडीवरचे बाळ जवळजवळ झाकलेले आहे, आणि त्यामुळे आपल्याला पाहण्यासाठी एकच चेहरा आणि गालाशी टेकलेला एकच हात उरतो. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता आणि तो पुढे पुसून टाकण्यात आला, हेही मोठ्या प्रतिमेत शोधता येते. या प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नाकारलेल्या निगेटिव्हला भोक पाडत असत, आणि अशा भोके पडलेल्या चौकटीही आज पाहता येतात. छायाचित्रकाराने घेतलेले आणि संपादकाने नको म्हटलेले, असे दोन्ही एकत्र पाहायला मिळणे हे मोठे शिक्षण आहे.

येथे एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्या स्त्रीचे नाव जगाला कळण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत तिचा चेहरा जगभर छापला गेला होता. आपणही माणसांची छायाचित्रे पाहतो, साठवतो, त्यावरून चित्रे काढतो, तेव्हा त्या माणसाचा विचार डोक्यात असावा. हळदीच्या पाकिटावर एखाद्या मजूर स्त्रीचा चेहरा घ्यावासा वाटला, तर तो ऑनलाइन सापडलेल्या छायाचित्रावरून घेऊ नये. प्रत्यक्ष भेटून, परवानगी घेऊन, स्वतः छायाचित्र काढावे.

आपण तर सांगलीतच आहात. शेजारी हरिपूरला, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे होती. कृष्णेच्या पुरांनी त्यांतील बरीच निकामी केली, पण त्यांविषयी सांगणारी माणसे तेथे भेटतील. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा तो पेवाचा आकार, त्याचे झाकण, आत उतरण्याची रीत, हे सारे जगातील दुसऱ्या कोणत्याही हळदीच्या पाकिटावर असण्याची शक्यता नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा ग्राहकाला जे हवे आहे त्याला भक्कम आधारही आहे. लँग यांच्या चौकटी पाहून मग हरिपूरला जावे, म्हणजे लांबून सुरुवात करून जवळ कसे जायचे याचा विचार आपोआप होईल.

मुद्राक्षर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या संग्रहांकडे जावे हे खरेच, पण समकालीन डिझायनरांचे काम पाहणे कमी करू नये. वेष्टन आजच्या दुकानातील फळीवर उभे राहणार आहे, आणि त्याच्या शेजारी कोण उभे आहे हे डिझायनरला माहीत असलेच पाहिजे. शिवाय आजचे अनेक कलाकार तयार कामाबरोबर कच्ची रेखाटने, रद्द केलेले आराखडे आणि कामाचे टप्पेही मांडतात. अशा व्यक्ती शोधून त्यांच्या कामाचा क्रमवार मागोवा घेतला, तर तिसरा_प्रहर यांनी म्हटलेला प्रवास तेथेही दिसतो. माझ्या मते खरा प्रश्न निनावी प्रतिमांचा आहे. पिंटरेस्टवर फिरणाऱ्या असंख्य प्रतिमांवर कर्त्याचे नाव नसते, आणि अलीकडे संगणकाने बनवलेल्या प्रतिमांचीही त्यात भर पडली आहे. प्रतिमा आवडली की गूगल लेन्स किंवा टिनआयवर तिचा उलटा शोध घ्यावा, म्हणजे ती प्रतिमाच देऊन ती मुळात कोठून आली ते शोधावे, मूळ कर्त्याच्या पानावर जावे आणि त्याचे इतर कामही पाहावे. कर्ता सापडत नसेल तर ती प्रतिमा मी साठवत नाही.

माझा विषय अक्षरे असल्यामुळे आपल्या पाकिटावरील अक्षरांबद्दल लिहितो. ऑनलाइन दिसणाऱ्या देवनागरी अक्षररचनांचा मोठा भाग हिंदीसाठी केलेला असतो, आणि त्या पाहून पाहून आपल्या हाताला हिंदी वळण लागते. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहिला जातो, आणि २००९ च्या शासन निर्णयातही हीच वळणे स्वीकारली आहेत. आपल्या पाकिटावर 'सांगली' हा शब्द ठळक येणार, म्हणजे त्यातील ल हाच पाहणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरणार. तो दंडाचा आला तर ज्या गावाची ओळख आपण सांगू पाहता तिच्यातच परकेपणा येईल. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपली वळणे येतात, पण अनेकांचे ती निवडायचे राहूनच जाते.

अभ्यासासाठी दोन दिशा सुचवतो. पहिली म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट. ते खुल्या परवान्याखाली असल्यामुळे फॉन्ट संपादकात उघडून एकेका अक्षराची बाह्यरेषा, तिच्यावरील बिंदू आणि जोडाक्षरांची बांधणी तपासता येते. नुसते अक्षर पाहणे आणि त्याची बाह्यरेषा उघडून पाहणे यांत मोठे अंतर आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' आपण संगणकावर वर्षानुवर्षे पाहत आलो, पण पडद्यावरच्या थोड्या ठिपक्यांत वाचता यावा म्हणून त्यात कोणत्या तडजोडी कराव्या लागल्या असतील, याचा विचार तो मोठा करून पाहिल्याशिवाय मनात येत नाही.

दुसरी दिशा म्हणजे जुनी मराठी आणि संस्कृत पुस्तके. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मोठ्या संख्येने आहेत. मुखपृष्ठांपेक्षा त्यांची शीर्षकपाने आणि आतील साधी पाने पाहावीत. शिरोरेघेची जाडी, उकाराची शेपटी, ओळींमधील अंतर आणि एकाच पानावर तीन‑चार आकारांचे टंक असूनही साधलेला मेळ, या गोष्टी स्कॅनमध्येही स्पष्ट दिसतात. शाई पसरल्यामुळे अक्षराला आलेला गोलावा हा टंकाचा गुण आहे की छपाईचा, हे ठरवण्यासाठी तेच अक्षर त्याच पुस्तकात अनेक ठिकाणी शोधून शेजारी शेजारी ठेवावे. हा उद्योग वेळखाऊ आहे, पण त्यानंतर स्वतः काढलेले अक्षर कधीही उसने वाटत नाही.

वेलांटी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. 'होर्टुस मलाबारिकुस'चा अकरावा खंड उघडून पाहिला. पाने, फुलोरा आणि कंद एकाच पानावर इतक्या ठसठशीत रेषेत मांडलेले पाहून, आपण कंदाकडे नेहमी नुसते चिन्ह म्हणून पाहत होतो हे लक्षात आले. कंदावरील वळ्यांचा अभ्यास आता बाजारातून आणलेला ओला कंद समोर ठेवून करते आहे. हरिपूरलाही जाऊन येणार आहे.

मुद्राक्षर यांनी म्हटल्याप्रमाणे मूळ कर्ता शोधायला लागल्यावर हक्कांचा प्रश्न उभा राहिला. राजा रविवर्मा, धुरंधर आणि दीनानाथ दलाल यांच्या चित्रांतील एखादा भाग दिवाळी अंकाच्या सजावटीत थेट वापरता येईल का? परदेशी संग्रहालयांच्या प्रतिमांचे काय?

हक्कनोंद

प्रकाशन व्यवसायात परवानग्यांचे काम करतो, म्हणून याचे उत्तर देतो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. रविवर्मांचे निधन १९०६ मध्ये झाले आणि म. वि. धुरंधरांचे १९४४ मध्ये. त्यामुळे दोघांचीही चित्रे हक्कमुक्त झाली आहेत. दलालांचे निधन १९७१ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे आणि तोपर्यंत वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क असतील त्यांची लेखी परवानगी हवी. ती चित्रे ऑनलाइन सर्वत्र दिसतात, यावरून ती मोकळी आहेत असा अर्थ कोणी काढू नये. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षे अशी वेगळी मोजणी होती, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती चित्रांप्रमाणेच छायाचित्रकाराच्या आयुष्याशी जोडली गेली आहे.

संग्रहालयांचे नियम एकसारखे नाहीत. मेट आणि क्लीव्हलंड यांनी 'सीसी झिरो' असे चिन्ह दिलेल्या प्रतिमा व्यावसायिक कामासाठीही वापरता येतात. ब्रिटिश म्युझियम मात्र आपल्या प्रतिमा अव्यावसायिक वापरासाठीच मोकळ्या देते, म्हणजे तेथील प्रतिमेवरून अभ्यास करावा, पण ती पाकिटावर छापण्याआधी परवाना घ्यावा. प्रत्येक प्रतिमेखालची अट वाचून तिचा स्क्रीनशॉट कामाच्या फोल्डरमध्ये ठेवावा, कारण अटी पुढे बदलू शकतात. खुल्या परवान्याचे फॉन्ट पाकिटावर निःशंकपणे वापरता येतात आणि त्यात बदलही करता येतात. फक्त तो फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि त्याचे नाव राखीव ठेवलेले असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरे नाव द्यावे लागते.

इन्स्टाग्रामवर मांडलेल्या कामाचा हक्क कर्त्याकडेच राहतो. खाली नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, असे कायदा मानत नाही. खासगी अभ्यासासाठी हाताने प्रतिकृती करण्यास कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे कुंचला यांनी सुचवलेला सराव आपण निर्धास्तपणे करावा. दुसऱ्याची मांडणी, रंगसंगती आणि आकृती एकाच वेळी आपल्या कामात उतरली असेल, तर कायदा काहीही म्हणो, ते काम मी ग्राहकाला देऊ देत नाही.

कुंचला

प्रतिकृतीचा विषय निघालाच आहे, म्हणून एक भर. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या होत्या, आणि ग्रिफिथ्स यांनी पाठवलेल्यांपैकीही कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर पाहता येतात. गुंफांच्या अंधारात कापड ताणून ज्या तरुणांनी ती वळणे उतरवली, त्यांच्यात पेस्तनजी बोमनजी होते, आणि पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचा स्वतंत्र लौकिक झाला. प्रतिकृती करण्याने स्वतःची शैली हरवते ही भीती विद्यार्थी नेहमी व्यक्त करतात. मला तिला आधार दिसत नाही, मात्र कोणाची प्रतिकृती करतो हे माहीत असले पाहिजे आणि ती एकाचीच करत राहू नये.

पडद्यावर चित्राचा आकार आणि पृष्ठभाग कळत नाही, ही उणीव मात्र खरी आहे. हाताच्या तळव्याएवढे लघुचित्र आणि भिंतभर तैलचित्र फोनवर सारखेच दिसतात, आणि रंग तर प्रत्येक पडद्यावर वेगळा दिसतो. त्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे, आणि तेथे रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे पाहता येतात. त्यांच्या चित्रांच्या प्रतिमा विकिमीडिया कॉमन्सवर आधी नीट पाहून, एखाद्या चित्राचे घरी रेखाटन करून मग जावे. पडद्यावर जो पिवळा आपल्याला हळदीचा वाटला, तो मूळ कॅनव्हासवर शेजारच्या करड्या रंगामुळे तसा दिसत होता का, हे तपासण्यासाठी बरोबर रंगांची छोटी पट्टी न्यावी. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा, आणि आत छायाचित्रणास परवानगी नसेल असे धरूनच वही‑पेन्सिल सोबत ठेवावी.